सहा खोल्यांचा एक रेडिओ

गिरगावात फणसवाडीतल्या आमच्या चाळीत सकाळी सहाच्या सुमाराला गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलं तरी गाण्यातला एक शब्द चुकत नसे. आमची खोली जिन्याला लागून आणि संडास पार दुसऱ्या टोकाला. हातात टमरेल घेऊन मी निघायचे तेव्हा आमच्या रेडिओवर धृपद चाललेलं असायचं. शेजारच्या वहिनींच्या दारावरून जाताना पहिला अंतरा सुरू व्हायचा आणि रांगेत उभी राहीपर्यंत दुसरा. प्रत्येक दारात गाणं तेच, फक्त दारागणिक फोडणीचा वास बदलायचा. हे गाणं कुणी लावलं, असा प्रश्न कधी पडलाच नाही. सूर्य कुणी लावला असं कुणी विचारतं का?

‘तुमचं सकाळचं आवडतं गाणं कोणतं?’ असं आज कुणी विचारलं की म्हणून मी जरा अडखळते. आवडतं म्हणजे निवडलेलं, आणि गिरगावात, लालबागेत, परळला आमच्या पिढीनं सकाळचं गाणं निवडलेलं नाही. ते पार्टिशनच्या फटीतून आलं, गॅलरीतून आलं, अर्धवट झोपेत अंगावर पडलं. तरी माझ्या डोक्यात सगळ्यात खोल रुतून बसलेली गाणी तीच आहेत. असं का होतं याचा शोध घ्यायला लागले आणि एकेक अशी गोष्ट हाती लागत गेली की प्रत्येक वेळी आठवण झाली ती चाळीच्या गॅलरीची.

सुरुवात तिथूनच करू. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात साडेतीन मीटरच्या आत-बाहेर. चाळीतली खोली साधारण दहा फुटांची, म्हणजे तीन मीटर. एका खोलीमागे सेकंदाचा एक शतांश, असा सोपा हिशेब झाला. आता रेडिओच्या लहरी प्रकाशाच्या वेगानं येतात, त्यामुळे ओळीतले सगळे रेडिओ एकाच क्षणी बोलायला लागतात. उशीर होतो तो फक्त शेजाऱ्याच्या खोलीतून आपल्या कानापर्यंत यायला. १९४९ साली जर्मनीत हेल्मुट हास या संशोधकानं नेमकं हेच तपासलं होतं. एकच आवाज दोन कर्ण्यांतून थोड्या अंतरानं ऐकवला तर कान काय करतो? दोन आवाजांमधला उशीर सेकंदाच्या साधारण विसाव्या भागाच्या आत असेल, तर कान ते दोन आवाज मानतच नाही. दोन्ही एकत्र करून एकच, पण भरदार आवाज ऐकतो. आणि आधी पोचलेला आवाज ज्या दिशेचा, ती दिशा सगळ्याला देऊन टाकतो.

विसावा भाग म्हणजे पाच शतांश, म्हणजे पाच खोल्या. आपली धरून सहा. सहा खोल्यांचे रेडिओ मिळून एक रेडिओ होतो!

हासच्या शोधातला दुसरा, दिशेचा भाग वाचला तेव्हा मी मोठ्यानं हसले. आमचे अण्णा रेडिओ अगदी बारीक लावायचे. मोठ्या आवाजानं सेट लवकर जातो अशी त्यांची समजूत होती. तरी आमचा रेडिओ खणखणीत वाजतो याचा त्यांना फार अभिमान. “बघ, मर्फी तो मर्फी,” म्हणायचे. हासच्या प्रयोगात मागून येणारा आवाज पहिल्याहून बराच मोठा असला तरी ऐकणाऱ्याला तो पहिल्याच कर्ण्यातून आल्यासारखा वाटे. अण्णांचा कान आमच्या फळीवरचा आवाज आधी पकडत होता आणि वहिनींच्या रेडिओचा दणका त्याच्याच खात्यात जमा करत होता. वहिनींचा सेट किती वर्षं फुकट राबला!

वाडीच्या तोंडाशी असलेल्या इमारतीतले रेडिओ मात्र या सहा खोल्यांच्या हिशेबाबाहेरचे. पस्तीसेक मीटरवरून येणारा आवाज एक दशांश सेकंद मागं राहतो आणि मुख्य गाण्यामागं त्याची पुसट सावली पडते. देवळाच्या गाभाऱ्यात किंवा मोठ्या सभागृहात येतो तो घुमारा याच जातीचा. त्या सकाळच्या गाण्यांना एक गोलाई होती, ती नंतर महागातल्या यंत्रावरही मला सापडली नाही. ती ना गायकाची होती, ना रेडिओची. ती आमच्या वाडीची होती.

गाण्याच्याही आधी आकाशवाणीची ती धून यायची. व्हॉल्व्हचा रेडिओ बटण फिरवल्या फिरवल्या बोलत नसे. आधी डायलमागचा दिवा पिवळा व्हायचा, मग आतून गरम धुळीचा वास, मग खरखर, आणि त्या खरखरीतून तंबोरा आणि त्यावर व्हायोलिन. ही धून वॉल्टर कॉफमन यांची. चेकोस्लोव्हाकियातून आलेला हा ज्यू संगीतकार १९३४ साली मुंबईत उतरला. युरोपात हिटलरची छाया पसरत होती. वॉर्डन रोडला राहून त्यानं बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली आणि १९३७ ते १९४६ या काळात आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं काम पाहिलं. धून १९३६च्या सुमाराची मानतात. तिच्यातलं व्हायोलिन मेहली मेहतांचं, म्हणजे झुबिन मेहतांच्या वडिलांचं, असं सांगितलं जातं. वॉर्डन रोड आमच्या वाडीपासून कितीसा लांब? आपलं घरदार सोडून आलेल्या माणसानं बांधलेली ती सुरावट लाखो घरांची ‘आता उठा’ झाली. हाच माणूस पुढं उत्तर हिंदुस्थानी रागांवर जाडजूड ग्रंथ लिहिणार होता.

धून शिवरंजनी रागातली. आता पेटी असेल तर जवळ ओढा. पांढरी एकमधून सा रे ग प ध एवढेच पाच सूर वाजवा. हा भूप. यातला फक्त ग उचलून शेजारच्या काळ्या पट्टीवर न्या, म्हणजे कोमल करा. झाली शिवरंजनी. एका पट्टीचा फरक, पण घरातलं कुणीतरी गावाला गेल्यासारखं वाटतं. आणि गंमत म्हणजे रागांच्या वेळापत्रकात शिवरंजनी रात्रीचा राग आहे. आम्ही मात्र दात घासत जन्मभर तो सकाळी ऐकला. आजही मैफलीत रात्री कुणी शिवरंजनी घेतली की मला डोळ्यांपुढं काळी टूथपावडर दिसते. गायकाचा यात काही दोष नाही.

त्याहून मोठं कोडं भूपाळीचं आहे. देवाला उठवायचं गाणं ते भूपाळी, म्हणजे मराठी घरातलं सगळ्यात पहाटेचं गाणं. आणि भूप? तो संध्याकाळ उलटल्यावर, रात्रीच्या पहिल्या प्रहरी गायचा राग. नाव एकाच कुळातलं आणि वेळा दोन टोकांच्या. या घोळात पुन्हा देसकार आहे. देसकाराचे सूर कोणते? सा रे ग प ध. तेच पाच, एकही कमी-जास्त नाही. पण देसकार सकाळचा.

म्हणजे सूर तेच. एकाला म्हणायचं दिवा लावा, दुसऱ्याला म्हणायचं दिवा मालवा. हे कसं? याचं सगळ्यात सुबक उत्तर दिलं ते वाळकेश्वरला १८६० साली जन्मलेल्या विष्णु नारायण भातखंड्यांनी. वकिली शिकलेला माणूस. घराण्याघराण्यांत पेटीबंद पडलेलं गाणं त्यांनी गावोगाव हिंडून गोळा केलं, ताडून पाहिलं आणि आपली पद्धती चक्क मराठीत लिहून काढली. ते सांगतात, सप्तकाचे दोन भाग करा. ज्या रागाचा मुख्य सूर खालच्या भागात, तो दुपारी बारापासून मध्यरात्रीपर्यंतचा. ज्याचा वरच्या भागात, तो मध्यरात्रीपासून दुपारपर्यंतचा. भूप गंधारावर बसतो, खाली, पाय पसरून. देसकार धैवतावर उभा राहतो, वर, आणि तार सप्तकाकडं बघत असतो. अंगणातल्या त्याच पाच पायऱ्या. संध्याकाळी माणूस खालच्या पायरीवर टेकतो आणि सकाळी वरच्या पायरीवरून बाहेर पाहतो. नियमाला अपवाद आहेत आणि त्यावरून भांडणंही भरपूर आहेत, पण या एका जोडीपुरतं तरी हे उत्तर मला देखणं वाटतं.

मराठी माणसाच्या कानातली सगळ्यात प्रसिद्ध भूपाळी होनाजीची. तो पेशवाईच्या उत्तरार्धातला शाहीर, घराणं गवळ्याचं. पहाट म्हणजे काय हे दूधवाल्याला कुणी शिकवायला नको! तिची चाल आज घरोघर ठाऊक आहे ती ‘अमर भूपाळी’ या १९५१च्या चित्रपटामुळं. संगीत वसंत देसाईंचं, गाणारे पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकर. जाणकार तिला कुणी भूपात बसवतात, कुणी देसकारात, आणि वर सांगितलेला पाच पायऱ्यांचा घोळ लक्षात घेतला तर दोघांनाही दोष देता येत नाही. हा चित्रपट व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिराचा, आणि राजकमल परळला. १९५२च्या कान महोत्सवात त्याच्या ध्वनिमुद्रणाचा गौरव झाला. गोकुळातली पहाट जगाला ऐकवणारा स्टुडिओ गिरण्यांच्या धुराड्यांच्या शेजारी उभा होता.

आणि त्या धुराड्यांखालच्या सकाळचं गाणं निराळंच होतं.

माझी मावशी लालबागेत राहायची. काका गिरणीत साच्यावर. नाताळच्या सुट्टीत तिच्याकडं राहायला गेलं की पहाटे भोंगे ऐकू यायचे. पहिला जवळचा, मग सात रस्त्याकडून एक, मग कुठून तरी आणखी लांबून. काका अंथरुणातूनच ओळखायचे, हा कोणत्या मिलचा. थंडीत ते जास्त लांबून ऐकू येत, हे मला तेव्हाही जाणवायचं, पण कारण माहीत नव्हतं. रात्रभर जमीन निवते, तिला लागून असलेली हवा थंड होते आणि वरची हवा त्या मानानं उबदार राहते. थंड हवेत आवाज सावकाश जातो, गरम हवेत जलद. त्यामुळं वर निघालेला आवाज वाकून पुन्हा जमिनीकडं येतो. दुपारी याच्या उलट, आवाज वरच्या वर उडून जातो. पहाटेच्या आभाळाला असं अदृश्य छत असतं. भूगोलात शिकवलेले मतलई वारेही त्या वेळी जमिनीवरून समुद्राकडं हलकेच वाहत असतात, कशाची खळबळ नसते. भोंगा, काकड आरतीची घंटा, परळच्या यार्डातलं इंजिन, सगळं उशाशी.

मावशीच्या सासूबाई साताऱ्याकडच्या. त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं, की गावाकडं बाई उठायची ती जात्यावर बसायला आणि दळता दळता गायची. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुढं अशा एक लाखाहून अधिक ओव्या महाराष्ट्रातल्या खेड्यांतून गोळा केल्या. लाखभर! बायकांचं पहाटेचं गाणं केवढं होतं याची कल्पना त्या आकड्यानं येते. मुंबईला आल्यावर सासूबाईंचं जातं गावी राहिलं. इथं पीठ दळायचं तर गिरणीत जायचं, आणि नवरा, मुलगा कामाला जायचे तेही गिरणीत. आपल्या भाषेनं दोन्ही ठिकाणांना एकच शब्द दिला. एका गिरणीनं त्यांचं गाणं काढून घेतलं आणि दुसरीनं त्या जागी भोंगा दिला. मी एकदा त्यांना ओवी म्हणायला सांगितली तर म्हणाल्या, “जात्याशिवाय न्हाई आठवत गं.” उजवा हात मात्र गोल फिरायला लागला होता.

भोंग्याची वेळसुद्धा निमूट मान्य झालेली नव्हती. १९०६च्या १ जानेवारीपासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ लागू झाली आणि मुंबईच्या स्वतःच्या वेळेपेक्षा घड्याळं ३९ मिनिटं पुढं सरकली. घड्याळात तेच वाजणार, पण उठायचं मात्र पाऊण तासाच्या आसपास आधी, अंधारात. त्याच महिन्यात जेकब ससून मिलच्या हजारो कामगारांनी या नव्या वेळेनं काम करायला नकार दिला. शहरातही चिडचिड होतीच. महापालिका तर पुढची चाळीसहून अधिक वर्षं मुंबईच्या जुन्या वेळेलाच चिकटून राहिली. सकाळ कधी झाली हे कुणी ठरवायचं, यावरून धरलेला हा हट्ट मला फार आवडतो.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले आणि भोंगे गप्प झाले. मावशी सांगते, काका तरीही पाचला उठून बसायचे. कानाशी काही आलेलं नसायचं, पण कान त्या वेळेला जागा व्हायचा. खाटेच्या कडेवर बसून दाराकडं बघत राहायचे. मावशी चहा करायची, नेहमीपेक्षा सावकाश.

आता पुन्हा माझ्या मूळ प्रश्नाकडं. एखादं गाणं ऐकताच जुनं काही आठवणं, हे किती वेळा होतं? अमेरिकेत पीटर जनाता यांच्या चमूनं विद्यार्थ्यांना त्यांच्या लहानपणच्या लोकप्रिय गाण्यांचे तुकडे ऐकवले, तेव्हा सरासरी तीस टक्के तुकड्यांनी स्वतःच्या आयुष्यातलं काहीतरी वर आणलं. पुढं २००९ साली त्यांनी हेच मेंदूच्या चित्रणयंत्रात पाहिलं. कपाळामागचा मधला भाग अशा वेळी उजळतो, आणि तोच भाग गाण्याच्या सुरावटीची वळणंही धरून असतो. चाल आणि ‘मी’ एकाच खुंटीला टांगलेले.

पण माझा अनुभव त्यांच्या प्रश्नात पुरता बसत नाही. सकाळच्या गाण्यानं मला एखादा दिवस आठवत नाही. लग्नातलं गाणं एक प्रसंग आणतं. रोज सहाला वाजलेलं गाणं प्रसंग कुठून आणणार? ते आणतं दिनक्रम. सहा पंचावन्नला संस्कृत बातम्या, म्हणजे बंब पेटलेला असणार. या बातम्या १९७४ साली सुरू झाल्या. अर्थ कुणाला कळायचा नाही, पण त्यांच्या आत वेणी झाली नाही तर आईचा धपाटा ठरलेला. कोपऱ्यातल्या खोलीत रेडिओ सिलोन लागायचं. तिथला जुन्या चित्रपटगीतांचा कार्यक्रम आठ वाजायच्या जरा आधी सैगलच्या गाण्यानं संपायचा. जगाला सैगल ऐकून विरह आठवतो, मला शाळेचा उशीर. त्या आवाजातलं दुःख मला तिशी उलटल्यावर प्रथम ऐकू आलं. तोवर ती फक्त वेळ होती.

आणखी एका शोधानं मला थक्क केलं. कॅरोल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ साली विशीतल्या तरुणांना १९५५पासूनची गाजलेली गाणी ऐकवली. स्वतःच्या काळातली गाणी त्यांना जवळची वाटली, यात नवल नाही. पण त्यांचे आईवडील तरुण होते त्या वर्षांतल्या गाण्यांपाशी आठवणींचा आणखी एक उंचवटा निघाला, आणि आजी-आजोबांच्या काळापाशी पुन्हा एक छोटा. जन्माआधीची गाणी, तरी आपली! माझी भाची ठाण्याच्या एका उंच इमारतीत वाढली, चाळ तिनं फक्त सिनेमात पाहिली. ती भांडी लावताना जी भूपाळी गुणगुणते ती तिला कुणी शिकवलेली नाही. माझ्या बहिणीच्या ओठांवरून उतरली, आणि बहिणीला वहिनींच्या रेडिओवरून.

आमच्या चाळीच्या जागी आता टॉवर आहे. आई चौदाव्या मजल्यावर राहते. खिडकीतून चौपाटीची एक फीत दिसते आणि शेजारी काय ऐकतात ते काहीही कळत नाही. तिच्याकडं जुना ट्रान्झिस्टर आहे, मध्यम लहरींवर चालणारा. काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात मी तिच्याकडं राहिले होते. अंधारातच तिनं तो लावला तेव्हा अस्मिता वाहिनीच्या खालून कुठल्या तरी लांबच्या केंद्राची, भलत्याच भाषेतली कुजबुज येत होती. रात्री मध्यम लहरी आभाळाच्या वरच्या थरांवरून परतून शेकडो कोस जातात. सूर्य उगवला की जमिनीपासून साठ-नव्वद किलोमीटरवर एक थर जागा होतो आणि त्या लहरी गिळून टाकतो. उजाडत गेलं तशी ती कुजबुज विरली आणि फक्त मुंबई उरली. हे मी इतकी वर्षं ऐकत होते आणि त्याला रेडिओ ‘तापणं’ समजत होते.

मग मला लहर आली. फोनवर आकाशवाणीचं ॲप उघडून तीच वाहिनी लावली आणि फोन जेवणाच्या टेबलावर ठेवला. ट्रान्झिस्टर ओट्यावर. म्हटलं, दोन खोल्यांची चाळ तरी करू. पण फोनमधला आवाज आधी आकड्यांत मोडतो, कुठल्या कुठल्या यंत्रांतून फिरतो, साठतो आणि मग पोचतो. शतांश नव्हे, चांगले काही सेकंद मागं. कानानं दोन्ही जुळवायला साफ नकार दिला. ट्रान्झिस्टरवर अंतरा आणि फोनवर अजून धृपद, अशी दोन गाणी एकमेकांच्या अंगावर पडत राहिली.

“दोन स्टेशनं कशाला लावलीस?” आई लसूण सोलता सोलता म्हणाली.

“एकच आहे गं. हे जरा मागून येतंय.”

तिला ते पटलं नाही. मग तिनं कान देऊन ऐकलं आणि तिच्या लक्षात आलं. ट्रान्झिस्टरवरची ओळ ऐकायची, थांबायची, तीच ओळ फोनमधून आली की मान डोलवायची, असं दोन-तीनदा केलं. तोवर ओट्यावरचं गाणं संपलं आणि निवेदिका बोलायला लागली. टेबलावर शेवटचं कडवं अजून चालू होतं. आईनं लसणीच्या हातानंच ट्रान्झिस्टरचं बटण फिरवून तो बंद केला.

“राहू दे,” ती म्हणाली, “तुझं संपू दे आधी.”